मानेचा दुसरा मणका आणि परळची शस्त्रक्रिया

मोसम नदीकाठच्या नामपुरात कांद्याचा लिलाव चालू असतो. भाव पटला नाही की शेतकरी तोंडाने बोलत नाही, नुसती मान हलवतो. ही नकाराची मान मुख्यतः एका हाडावर फिरते. कवटीच्या मागच्या कडेपासून मध्यभागी बोट खाली सरकवले, की हाडाचा जो पहिला उंचवटा हाताला लागतो, तो मानेच्या दुसऱ्या मणक्याचा, म्हणजे ‘अक्षा’चा कंटक.

या मणक्यावर दातासारखा एक सुळका उभा असतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी, तसा पहिला मणका डोक्यासह या सुळक्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ निम्मा भाग या एकाच सांध्याचा. सुळक्यामागे मज्जारज्जू आहे आणि सुळका जागेवर धरायला एक आडवा बंध. बंध सैल झाला किंवा सुळका मोडला, तर मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही थांबू शकतो.

हे दोन मणके जखडायचे कसे, हा शल्यविशारदांचा जुना प्रश्न. टोरांटोच्या गॅली यांनी १९३९ साली मागच्या कमानी तारेने बांधण्याची रीत मांडली. पण मान वळण्याच्या ओढीपुढे तार कमी पडे. माग्येर्ल यांची दोन्ही हाडांतून एकच स्क्रू घालण्याची पद्धत १९८७ साली प्रसिद्ध झाली. ती भक्कम होती. मात्र मणके आधी जागेवर आणावे लागत आणि दुसऱ्या मणक्याच्या आडव्या छिद्रातून मेंदूकडे जाणारी रोहिणी स्क्रूच्या वाटेजवळच असे.

मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी वेगळा विचार केला. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात एक स्क्रू, दुसऱ्यात दुसरा, आणि दोहोंना जोडणारी धातूची पट्टी. डॉ. लाहेरी यांच्यासह त्यांचा निबंध १९९४ साली युरोपातल्या ‘अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्गिका’त छापून आला.

२००१ मध्ये जर्मनीचे हार्म्स आणि मेल्चर यांनी ‘स्पाइन’ नियतकालिकात याच तत्त्वाची सुधारित आवृत्ती मांडली. पट्टीऐवजी कांब, आणि डोके हवे तसे वळणारे स्क्रू. सुधारणा सोयीची होती, ती जगभर गेली. पण अनेक ठिकाणी नाव उरले ते फक्त हार्म्स यांचे. आज ‘गोयल-हार्म्स पद्धत’ असा जोड उल्लेख रूढ होत आहे. तो अभिमानापुरता नाही, कालक्रमाला धरून आहे. सात वर्षे आधी छापलेला निबंध आधीच मोजला पाहिजे.

गाडीवरून वा झाडावरून कुणी पडला, की आपण त्याला खांद्याला धरून बसवतो. तसे करू नये. डोके आणि धड एका रेषेत धरून त्याला फळीवर घ्यावे. तो सुळका शाबूत आहे की नाही, हे बोटाने कळत नाही.