संगणकीय खेळ आणि इतिहासकथन : १८५८ च्या गोंड उठावाच्या संदर्भात

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने तयार केलेला 'राजी' हा व्हिडिओ गेम २०२० मध्ये प्रकाशित झाला. त्यात कथानक सांगण्यासाठी छायाबाहुल्यांच्या शैलीचा उपयोग केलेला आहे. खेळातून कथाकथनाची ही पद्धती चंद्रपूर-गडचिरोलीतील इतिहास-अध्यापनास कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. पुढे अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांनी त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथील तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

'ट्वाइन' या विनामूल्य साधनाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना अनेक वाटांची मराठी कथा रचता येते. ती इंटरनेटशिवायही चालते. लक्ष्मीबाईंसमोर कोणते पर्याय होते, हा प्रश्न व्याख्यानात सहसा मागे पडतो. खेळ रचताना मात्र प्रत्येक पर्यायासाठी विद्यार्थ्यास आधार शोधावा लागतो. तथापि, कोणत्याही वाटेने फाशी टळता कामा नये. ती टळल्यास खेळणारा जिंकेल, परंतु बाबुरावांचे बलिदान पुसले जाईल. म्हणून पर्याय कितीही असोत, कथेचा शेवट इतिहासात नोंदलेल्या तारखेपाशीच व्हावा.