गोवंशीय स्पंजसदृश मस्तिष्कविकृती

प्रौढ गुरांच्या मेंदूचा क्रमाक्रमाने नाश करणारा, कोणत्याही उपचारास न जुमानणारा व हटकून प्राणघातक ठरणारा हा रोग लोकव्यवहारात ‘मॅड काऊ’ या नावाने परिचित आहे. लागण झाल्यावर सामान्यतः चार-पाच वर्षे जनावर निरोगी दिसते. मग एरवी गरीब असलेली दुभती गाय धार काढताना बुजू लागते, लाथा झाडते, तिचे मागचे पाय लटपटतात आणि अखेरीस ती बसल्या जागेवरून उठत नाही. मरणोत्तर परीक्षेत सूक्ष्मदर्शकाखाली तिचा मेंदू छिद्रमय आढळतो. रोगाचे कारण जिवाणू वा विषाणू नसून ‘प्रायॉन’ नामक विकृत घडीचे प्रथिन होय. त्याच्या शोधाबद्दल स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८६ साली ब्रिटनमध्ये या रोगाची प्रथम ओळख पटली. जनावरांच्या अवशेषांपासून केलेली मांस-अस्थींची भुकटी स्वस्त प्रथिनयुक्त खुराक म्हणून तृणाहारी गुरांनाच चारली गेल्याने तो गोठ्यागोठ्यांत पसरला होता. जुलै १९८८ मध्ये गुरांना ती भुकटी चारण्यास मनाई करणारा हुकूम निघाला. परंतु डुकरे व कोंबड्यांसाठी तीच भुकटी दळली जात राहिल्याने भेसळीची वाट मोकळी राहिली, आणि १९९२ या एका वर्षात सुमारे ३७,००० रोगी गुरांची नोंद झाली.

या अवधीत गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही सरकार देत राहिले. माणसास बाधा होत नाही असा पुरावा हाती नसताना दिलेली ही ग्वाही म्हणजे अक्षम्य हयगय होती. कारण २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना, क्रॉइट्सफेल्ट-याकोब या माणसांतील मेंदूरोगाच्या नव्या प्रकाराचा या गुरांशी संबंध असण्याचा संभव आहे, हे पार्लमेंटात कबूल करावे लागले. त्या रोगाचा नेहमीचा प्रकार बहुधा साठीच्या पुढे गाठतो. या नव्या प्रकाराने ऐन तारुण्यातील माणसे नेली. ब्रिटनमध्ये १७८ व जगभर सुमारे २३० व्यक्ती त्यास बळी पडल्या, आणि त्यांतील काहींना तर तो दुसऱ्याच्या रक्तातून जडला होता.

एकूण रोगी गुरांपैकी १,८४,००० हून अधिक एकट्या ब्रिटनमधील. तथापि युरोपीय देशांत, जपानमध्ये (२००१) व कॅनडात (२००३) रोग आढळल्यावर खुराकावरील बंदी सर्वत्र कडक झाली आणि आज जगात वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच गुरे सापडतात. यांपैकी बहुतेक म्हाताऱ्या गुरांत, बहुधा आपोआप, उद्भवणाऱ्या ‘असामान्य’ प्रकाराची असतात. अशाच गुरांमुळे २०२१ व २०२३ साली ब्राझीलची चीनकडील गोमांसनिर्यात काही काळ थांबली. भारताची गणना जागतिक पशुआरोग्य संघटनेने नगण्य धोक्याच्या देशांत केली आहे.

हा असामान्य प्रकार खुराकात शिरल्यास नव्या साथीचे बीज ठरू शकतो. यास्तव २०२१ पासून युरोपीय संघाने डुकरे व कोंबड्यांच्या खुराकाबाबत काही सवलती दिल्या असल्या, तरी रवंथ करणाऱ्या जनावरांस मांस-अस्थींची भुकटी चारण्याची मनाई तेथे कायम आहे, व ती तशीच राहिली पाहिजे.