विणलेल्या उजेडाची कुळकथा

विणलेल्या कापडातून दिवा घडवण्याची परंपरा गॅसबत्तीच्या मँटलपर्यंत, म्हणजे ज्योतीभोवतीच्या जाळीदार पिशवीपर्यंत, मागे जाते. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा अभ्यास करत होते. या मूलद्रव्यांचे क्षार सुती कापडात मुरवून ते ज्योतीवर धरले, की प्रखर उजेड पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. 1885 साली त्यांनी मँटलचे पेटंट घेतले. पहिल्या मँटलचा उजेड हिरवट होता. 1891 मध्ये 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण सापडले, तेव्हा तो पांढरा आणि डोळ्यांना मानवणारा झाला.

पहिल्यांदा पेटवताना मँटलचे सूत जळून जाते. क्षारांचे ऑक्साइड होतात आणि प्रत्येक टाक्याचा आकार जसाच्या तसा राखून एक ठिसूळ सांगाडा मागे उरतो. मँटलचा फुगीर आकार विणीमुळे साधतो. मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड असे फुगत नाही. टाक्यात टाका अडकवलेली वीण मात्र सगळीकडून ताणली जाते आणि मोज्यासारखी बिनशिवणीची नळीही देते. मँटलला कोणी शिल्प म्हटले नाही, पण ते शिल्पच आहे. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीचा पेट्रोमॅक्स हा दिवा मँटलच्याच जोरावर जगभर गेला. महाराष्ट्रातल्या वराती आणि तमाशाचे फड त्याच उजेडात रंगले.

विजेच्या दिव्यांपुढे मँटल मागे पडले. वीण आणि उजेड पुन्हा ठळकपणे एकत्र आले ते अमेरिकी वास्तुविशारद जेनी सेबिन यांच्या कामात. न्यूयॉर्कमधील मोमा पीएस1 या कलासंस्थेच्या अंगणात 2017 साली त्यांनी ‘ल्युमेन’ हा मंडप उभारला. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर विणलेले त्याचे छत आणि त्यातून लोंबणाऱ्या नळ्या यांत दिवसाचा प्रकाश साठवून अंधारात चमकणारे धागे होते. इथे काहीच जाळावे लागत नाही, धागाच दिवा होतो. आकार मात्र ताणातूनच येतो: वीण कुठे सैल, कुठे घट्ट, यावरून छत कुठे उतरेल आणि नळी कुठे फुगेल हे आधीच ठरते.

2019 मध्ये अमेरिकेतल्या रेडमंड येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रासाठी सेबिन यांनी ‘एडा’ ही विणलेली रचना घडवली. तिच्यात विणीला फायबरग्लासच्या कांड्यांचा आधार दिला होता आणि इमारतीतल्या माणसांच्या चेहऱ्यांवरील भावांच्या नोंदींनुसार दिव्यांचे रंग बदलत.