स्वीप (ओपनएससीएडीमधील मार्गाधारित आकाररचना)

सपाट छेद एखाद्या मार्गावरून सरकवत नेऊन त्रिमितीय घनाकृती घडवण्याची रीत. वळणदार नळ्या, स्प्रिंगा, कड्या, मुठी असे आकार या रीतीने करतात. ओपनएससीएडी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आकृती माउसने न काढता स्क्रिप्ट लिहून तयार होते. मारियस किंटेल व क्लेअर वुल्फ यांनी विकसित केलेले हे सॉफ्टवेअर २०१० मध्ये प्रथम उपलब्ध झाले.

अंगभूत आज्ञा : ‘लिनियर एक्स्ट्रूड’ छेदाला सरळ उंची देते, हवा तर पीळही देते; ‘रोटेट एक्स्ट्रूड’ त्याला अक्षाभोवती फिरवते. मनाजोग्या वळणासाठी मात्र अंगभूत आज्ञा नाही. सोपा उपाय म्हणजे मार्गावर गोल मांडून लगतच्या दोन-दोन गोलांवर ‘हल’ वापरणे. हलची आकृती नेहमी बहिर्वक्र असल्याने खाच असलेला छेद त्यात भरून जातो.

बहुफलक : अशा छेदासाठी ‘पॉलिहेड्रॉन’ वापरतात. छेदाचे बिंदू मार्गावरील प्रत्येक स्थानी मांडून लगतचे छेद पृष्ठांनी जोडायचे व दोन्ही टोके बंद करायची. २४ बिंदूंचा छेद १०० स्थानी मांडल्यास २,४०० शिरोबिंदू व बाजूंचे २,३७६ चौकोन होतात. चौकोन सपाट असतीलच असे नाही, म्हणून त्यांचे त्रिकोण करतात. प्रत्येक पृष्ठाचे बिंदू बाहेरून पाहता घड्याळाच्या दिशेने द्यावे लागतात.

छेदाची दिशा : छेद मार्गाच्या स्पर्शिकेला काटकोनात ठेवला तरी तो तिच्याभोवती किती वळलेला असावा, हे ठरायचे राहते. फ्रेने (१८४७) व सेरे (१८५१) यांची चौकट (मार्गाच्या प्रत्येक बिंदूवरील परस्परलंब दिशांचा संच) हे वक्रतेवरून ठरवते. पण सरळ तुकड्यात वक्रता शून्य असल्याने ती निश्चित होत नाही, आणि वळण उलटते तेथे छेद एकदम १८०° फिरू शकतो. बिशप यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या चौकटीत अनावश्यक पीळ टळतो. बंद मार्गावर मात्र एक फेरी पूर्ण होताना सुरुवातीचा व शेवटचा छेद जुळेलच असे नाही. उरलेला कोन सर्व स्थानांवर थोडा थोडा वाटून देतात. वळणाची त्रिज्या छेदाच्या वळणाकडील आतल्या बाजूच्या रुंदीपेक्षा कमी असल्यास पृष्ठ स्वतःलाच छेदते.

बीओएसएल२ या लायब्ररीतील ‘पाथ स्वीप’मध्ये हे काम तयार मिळते. कमी पिळाची ‘इन्क्रिमेंटल’, फ्रेने-चौकटीची ‘नॅचरल’ व दिशा स्वतः देण्याची ‘मॅन्युअल’ या ‘पाथ स्वीप’च्या पद्धती होत.