रॉकेलचं नरसाळं

कळंबोलीच्या आमच्या जुन्या घरात दोन नरसाळी होती. एक पितळेचं, खाण्याच्या तेलाचं. ते चुलीमागच्या फळीवर. दुसरं पत्र्याचं, रॉकेलचं. ते पडवीत खुंटीला. त्याच्या कडीला आजीने लाल चिंधी बांधली होती. संध्याकाळच्या अंधारात रंग कुठला दिसतोय, पण हाताला चिंधी लागली की समजायचं. ते घेऊन मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला की आजी ओरडायची, "भाईर ठेव रं! रॉकेलचं नरसालं रॉकेललाच."

हे पत्र्याचं नरसाळं पनवेलच्या बाजारातल्या एका कारागिराने तेलाचा जुना डबा कापून केलेलं. नळीला बाहेरून त्याने एक उभी तार डाख लावून जोडली होती. मला ती शोभेची वाटायची. खरं म्हणजे नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसलं की आतल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग तेल अडतं, गुडगुडतं, आणि आपण घाईने आणखी ओतलं की काठावरून सांडतं. रेशनच्या रांगेत तास-दोन तास उभं राहून आणलेलं रॉकेल जमिनीवर सांडलं की काय होतं, ते माझ्या पाठीला माहीत आहे. त्या तारेमुळे फट राहायची. आजही प्लास्टिकचं नरसाळं घेताना मी आधी नळीला बाहेरून उभ्या कडा आहेत का ते बघतो. नसतील तर एक काडी अडकवून भागवतो.

भाताला आणि मिठाला मात्र आमच्याकडे नरसाळं कुणी लावलं नाही. दोघांनी गोणीचं तोंड धरायचं, तिसऱ्याने सुपाने ओतायचं. अरुंद नळीत दाणे एकमेकांना खांदा देऊन कमान करतात आणि वरचा ढीग जागेवर थांबतो. बरणीत तांदूळ भरायचे तर नळी दाण्याच्या पाच-सहा पट तरी रुंद हवी. खाडीकाठच्या मिठागरावरचं मीठ पावसाळ्यात ओलं होई, त्याला तर सूपच बरं.

17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमचं गाव होतं. भाताची खाचरं गेली. त्यांच्यावर भराव पडला, मुंबईतला लोखंडाचा बाजार इकडे आला, आणि बाजारामागून ट्रक आले. बाबांना नांगर सोडून दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी रस्त्याच्या कडेला ऑइल-ग्रीसची टपरी टाकली. पडवीतलं पत्र्याचं नरसाळं तिथे गेलं. जाता जाता त्याची चिंधी कधी गळाली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

टपरीवर मी नरसाळी ओळखायला शिकलो. इंजिन ऑइलला रुंद तोंडाचं आणि वाकड्या लांब नळीचं, कारण बॉनेटखाली सरळ नळी पोचत नाही. डिझेलला जाळीचं. बॅटरीच्या पाण्याला प्लास्टिकचंच. लोखंडाचा अंश आत गेला की बॅटरी उभ्या उभ्या उतरते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या आणि टपरीवर डीईएफचे कॅन आले. ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरिया म्हणतात. शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया, बस्स. त्याची टाकी डिझेलच्या टाकीहून वेगळी. ते सायलेन्सरच्या बाजूला गरम धुरात फवारलं जातं आणि धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं साधा नायट्रोजन नि पाणी होतं. दिसायला पाण्यासारखं, पण सोवळं भारी. तांबं, पितळ, जस्ताचा पत्रा त्याला चालत नाही, आणि डिझेलचा तर डागही नको. चांगलं प्लास्टिक नाहीतर स्टेनलेस स्टील, तेही फक्त त्याच कामाचं.

हे सगळं कॅनवर छापलेलं असतं. मी वाचलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या पावसात पुतण्या म्हणाला, "काका, युरियाचं नरसाळं फुटलंय." गिऱ्हाईक घाईत होतं. मी खुंटीवरचं पत्र्याचं काढून दिलं. म्हटलं, पूस नि घाल. दोन दिवसांनी फोन आला. डॅशबोर्डवर दिवा लागलेला, गाडीची ताकद गेलेली, माल रस्त्यात अडकलेला. गाडी त्या ड्रायव्हरची स्वतःची, हप्त्यावर घेतलेली. टाकी उपसली, पंप बदलला, फवाराही बदलला. निम्मं बिल आम्ही भरलं. आमची तीन महिन्यांची कमाई त्यात गेली. त्याचा बुडालेला हप्ता मात्र आम्हाला भरून देता आला नाही. तो भांडलाही नाही. पुन्हा टपरीवर आला नाही, एवढंच.

पुतण्याने आता डीईएफचं पांढरं नरसाळं पिशवीत बांधून कॅनच्या कडीला लटकवलंय. पत्र्याच्या नरसाळ्याला मी चिंधी बांधली, लालच. ती डिझेल पिऊन काळी पडते, तेव्हा महिन्या-दीड महिन्याने बदलावी लागते.