पहिल्याच ट्रेकला निघालात? गाइडबुक विकत घेण्याआधी ही ५ पानं उघडून बघा

पाऊस सुरू झाला की फीडवर रोज नवा किल्ला दिसतो. रीलमध्ये धुकं दिसतं, धबधबा दिसतो. पण वाट कुठे फुटते, पाणी कुठे मिळतं आणि शेवटची एसटी किती वाजता आहे, हे दिसत नाही. त्यासाठी आजही गाइडबुक लागतं. पण सोप्या भटकंतीसाठी नेमकं कोणतं घ्यायचं?

आधी प्रकार ओळखा

गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून डोंगरात जावंसं वाटतं, पण ते अनुभवकथन आहे, वाट दाखवणारं पुस्तक नाही. इतिहासाच्या पुस्तकांचंही तसंच. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा', 'सांगाती सह्याद्रीचा' किंवा हरीश कपाडिया यांचं इंग्रजी 'ट्रेक द सह्याद्रीज' ही भटक्यांची जुनी, माहितीची नावं. दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आलं की पुढच्या गोष्टी तपासा.

१. आवृत्तीचं साल

सगळ्यात आधी हेच बघा. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळगडाच्या वाटेवर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. त्याआधी छापलेल्या पुस्तकात मात्र ती तशीच असणार. रस्ते, बस, प्रवेशाचे नियमही बदलतात. पुस्तक जुनं असेल तर फेकू नका. पण निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून खात्री करा.

२. वाटेच्या खुणा

पुस्तकातलं तुमच्या ओळखीच्या ठिकाणाचं पान काढा. 'लोहगडला माळवलीहून जाता येतं' एवढंच लिहिलं असेल तर उपयोग नाही. माळवली स्टेशन, भाजे गाव, गायमुख खिंड, तिथून उजवीकडे लोहगड आणि डावीकडे विसापूर, असा क्रम हवा. ढोरवाटा कुठे फसवतात हे सांगणारं पुस्तक त्याहून चांगलं.

३. 'सोपा' म्हणजे काय?

श्रेणी कशी ठरवली, हे प्रस्तावनेत असायला हवं. घसारा, कातळटप्पा, शिडी यांचा वेगळा उल्लेख आहे का? पावसाळ्यात श्रेणी बदलते असं लिहिलंय का? मार्चमध्ये सोपी असलेली वाट जुलैमध्ये शेवाळलेली असते.

४. उंची आणि वेळ

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, पण तुम्ही तेवढं चढत नाही, कारण पायथ्याचं बारी गावच उंचावर आहे. म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची नको, प्रत्यक्ष चढाई किती ते शोधा.

पुस्तकातली वेळ पडताळायला १८९२ सालचा नेस्मिथचा नियम वापरा: दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे ६ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढाई असेल तर सुमारे २ तास १२ मिनिटं. यात विश्रांती आणि फोटो धरलेले नाहीत. नवख्यांनी दीडपट वेळ धरावा.

५. नकाशा आणि पाणी

नकाशावर उत्तर दिशा आणि प्रमाण नसेल तर ते नुसतं चित्र आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. टाक्यातलं पाणी बारमाही आहे की फक्त दिवाळीपर्यंत टिकतं, हेही पुस्तकात हवं.

मग ॲप कशाला?

दोन्ही ठेवा. घळीत रेंज जाते, पावसात बॅटरी उतरते. त्या दिवशीची दोन पानं झेरॉक्स करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि एक प्रत घरी द्या. संध्याकाळपर्यंत तुम्ही परतला नाहीत, तर ११२ ला फोन करणाऱ्याला तुम्ही कोणत्या वाटेने गेलात हे सांगता येईल.