स्टेपनी : लनेलीहून आकुर्डीपर्यंत

मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांची चाकं सहजी सुटत नसत. रस्त्यावर घोड्यांची वर्दळ असायची आणि नालांचे खिळे जागोजागी पडलेले असायचे. खिळा घुसला की गाडी कडेला घ्यायची, पट्ट्या घालून टायर उपसायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, टायर पुन्हा चढवायचा आणि घाम गाळत हातपंपाने हवा भरायची. हे सगळं अंधारात, पावसात, जिथे असेल तिथे.

या कटकटीवर १९०४ साली तोडगा काढला तो वेल्समधल्या लनेली गावच्या थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी. त्यांनी बनवलेल्या चाकाला ना आरे होते ना तुंबा. नुसती एक रिंग आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही. ही रिंग त्याच्या अंगाला चापांनी आवळायची आणि पुढे निघायचं. दोघांचा धंदा स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून चाकालाही तेच नाव पडलं. लंडनच्या टॅक्सींनी ते उचललं आणि एजंटांमार्फत ते जगभर गेलं. पुढे थोड्याच वर्षांत नट सोडून काढता येणारी चाकं आली आणि डेव्हिस बंधूंच्या रिंगेचं काम संपलं. नाव मात्र टिकलं. खुद्द ब्रिटन ते विसरून गेलं, पण ब्राझीलमध्ये, माल्टात आणि आपल्याकडे जादा चाक आजही याच नावाने ओळखलं जातं.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही स्टेपनी घरोघरी पोहोचली ती दुचाकीवर बसून. इटलीत १९४६ साली आलेल्या व्हेस्पाचा आराखडा कोराडिनो दास्कानियो या विमानाच्या अभियंत्याचा. मोटरसायकल त्याला आवडत नसे आणि पंक्चर झाल्यावर तिचं चाक काढताना होणारा त्रास हे त्याचं एक कारण. म्हणून त्याने विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं पुढचं चाक योजलं. बजाज ऑटोने आधी परवान्यावर व्हेस्पा बनवल्या आणि १९७२ साली स्वतःची ‘चेतक’ आणली. आकुर्डीच्या कारखान्यातल्या या स्कूटरच्या पाठीवर, सीटमागे, तिसरं चाक असे. पुढची-मागची चाकं एकाच मापाची, दहा इंची, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चाले.

चाक बदलायला मेकॅनिक लागत नसे. गाडी एका अंगावर कलती करायची, पान्याने नट सोडायचे, चाक ओढून घ्यायचं, स्टेपनी चढवून नट आवळायचे. फर्स्ट शिफ्टला निघालेला कामगार हात पुसून वेळेत गेटवर पोहोचायचा आणि पंक्चर संध्याकाळी सवडीने काढायचा. पंक्चरवाल्याचं कामही सोपं होतं, कारण रिम दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली; ती उघडली की ट्यूब हातात. फक्त आधी हवा पूर्ण सोडायची. भरल्या टायरवर रिमचे नट सोडले तर रिम उसळून इजा होई. इतकं साधं, घरातल्या कुणालाही जमेल असं यंत्रज्ञान लाखो लोकांच्या हाती देणं, हे आकुर्डीचं मोठं काम आहे.

‘चेतक’ हे नाव १६ ऑक्टोबर २०१९ रोजी विजेवर परत आलं. ही स्कूटर आधी चाकणला बनत होती. जून २०२२ मध्ये आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना उघडला. डिसेंबर २०२४ च्या ‘३५’ मालिकेत बॅटरी पाय ठेवायच्या जागेखाली गेली आणि सीटखाली ३५ लिटरची डिकी मिळाली. टायर ट्यूबलेस. स्टेपनी नाही.

चारचाकीतून ती जायला सरकारी नियमाने वाट करून दिली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊपेक्षा जास्त आसनं नसलेल्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर जादा चाकाची सक्ती उरली नाही. वाचलेली जागा बॅटरीच्या कामी येईल, हेही तेव्हा सांगितलं गेलं.

किट म्हणजे छोटा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली. टायरच्या तळव्यात घुसलेल्या खिळ्यापुरतं ते उत्तम. पण तळेगाव-चाकण रस्त्याने जुलैत रोज जा-ये करणाऱ्याला खरी भीती खिळ्याची नसते. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड आणि रिम यांत टायरची बगल चेपते, फुगवटा येतो किंवा ती फाटते. तिथे ती बाटली निरुपयोगी ठरते आणि गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवावी लागते. हा नियम आपले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून केलेला वाटत नाही.

थंड देशांत चाकबदलाची रीत वेगळी. फिनलंडच्या नोकियनने १९३४ साली हिवाळी टायर आणला. आज जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये राहणारी मराठी कुटुंबंही वर्षातून दोनदा चारही चाकं बदलतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिवाळी अवस्थेत असेल तर हिवाळी टायर बंधनकारक असतात. उरलेला संच तळघरात किंवा टायरवाल्याच्या गोदामात ठेवतात. या कामासाठी वेळ आधीच ठरवावी लागते, आणि नव्या संचातल्या दाबमापक सेन्सरची गाडीशी ओळखही करून द्यावी लागते.

चिंचवडच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याला यातलं एवढंच उचलता येईल : पावसाळ्याआधी एक जादा चाक घेऊन घरी ठेवणं. रिम आणि टायर गाडीच्या मापाचे हवेत, आणि बॅटरीने गाडी जड झालेली असल्यामुळे टायरचा भार-निर्देशांक कमी असून चालणार नाही. चाक बदलताना जॅक कंपनीने खूण केलेल्या जागीच लावायचा. इकडेतिकडे लावला तर खाली बॅटरीचं कवच आहे. नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचे. चाकणला गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी असं चाक निदान पर्यायी सामान म्हणून शोरूममध्ये ठेवायला हवं, आणि त्याची किंमत गाडीच्या किमतीशेजारीच लिहायला हवी.